निष्ठेचा हिशेब फक्त खेळाडूकडूनच का?

फ्रान्सचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीपटू, निकोलस अनेल्का याचं नाव निघालं की फुटबॉलच्या गप्पांत गोलांच्या आधी क्लबांचा आकडा येतो. पॅरिस सेंट-जर्मेन, आर्सेनल, रिआल माद्रिद, पुन्हा पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय शेनहुआ, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि सरतेशेवटी मुंबई सिटी. बारा क्लब, सात देश. यादी म्हणून होते न होते तोच निकालही लागलेला असतो: हा भाडोत्री, जिथे पैसा तिथे हा. मग कुणीतरी त्याची बाजू घेतो आणि विचारतो, अहो, धंदा आहे, चार पैसे जास्त मिळाले तर तुम्ही नोकरी बदलणार नाही का? एकाने निष्ठेचं नाव घेतलं, दुसऱ्याने बाजाराचं, आणि वाद तिथेच थांबला. अनेल्का नावाच्या खेळाडूचं प्रत्येक ठिकाणी नेमकं काय झालं, हे कुणीच पाहिलेलं नसतं. दर ट्रान्सफर विंडोला, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या काळात, कुठल्या ना कुठल्या स्ट्रायकरवरून हा वाद याच दोन वाक्यांत होतो, आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो, कारण त्यात माणूसही हरवतो आणि खेळही.

माझं म्हणणं असं आहे की क्लबांच्या संख्येवरून खेळाडूची निष्ठा मोजता येत नाही. प्रत्येक ट्रान्सफरच्या कागदावर विकणाऱ्या क्लबची सही असते, घेणाऱ्या क्लबची असते आणि खेळाडूची असते. जाब मात्र आपण फक्त तिसऱ्या सहीला विचारतो. अनेल्काने चुका केल्या, काही फार मोठ्या केल्या, आणि त्या झाकण्याचा माझा इरादा नाही. पण त्या चुकांची शिक्षा म्हणून त्याच्या प्रवासालाच गुन्हा ठरवायचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

निष्ठेचा जो सुवर्णकाळ आपण डोळ्यांपुढे आणतो तो आधी तपासून पाहू. इंग्लंडचा टॉम फिनी आपली आख्खी कारकीर्द प्रेस्टन नॉर्थ एंडकडून खेळला. एकाच क्लबशी बांधील राहिलेल्या थोर खेळाडूंत त्याचं नाव आदराने घेतात, आणि ते रास्तच आहे. पण १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोने त्याच्यापुढे १० हजार पौंडांचा नजराणा, घर, गाडी आणि प्रेस्टनमध्ये मिळायचा त्याहून बराच जास्त पगार ठेवला होता. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नकार दिला आणि विषय संपला, कारण फिनीच्या हातात काहीच नव्हतं. त्या काळी करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची; क्लबने सोडलं नाही तर त्याला दुसरीकडे पाऊल टाकता येत नसे. वर पगाराला कमाल मर्यादा होती. ती १९६१ मध्ये उठली तेव्हा आठवड्याला २० पौंड होती, आणि फिनी त्याच्या आदल्याच वर्षी निवृत्त झाला होता. इंग्लंडच्या संघातला हा खेळाडू जोडीला प्लंबरचं काम करून घर चालवत असे. प्रेस्टनवर त्याचं मनापासून प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याला जायची मुभाच नव्हती त्याच्या राहण्याचा दाखला देऊन आजच्या खेळाडूला लाजवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

हा प्रश्न एका खेळाडूने कोर्टातच विचारला. जॉर्ज ईस्टहॅमला १९६० मध्ये न्यूकॅसल सोडायचं होतं. क्लब सोडेना, तेव्हा त्याने खेळच थांबवला आणि काही महिने बुचाच्या मालाची विक्री करून पोट भरलं. पुढे आर्सेनलने त्याला घेतलंही, पण त्याने खटला मागे घेतला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असं अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या रोजगारावर घातलेलं गैरवाजवी बंधन आहे, असा निर्णय दिला. तरीही करार संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागायचा क्लबांचा हक्क पुढे तीस वर्षं टिकला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनने लढून मिळवलेल्या १५ डिसेंबर १९९५ च्या निकालाने तो मोडला. बोस्मनची स्वतःची कारकीर्द त्या लढ्यात संपून गेली. आज खेळाडू मोकळेपणाने क्लब बदलतात त्या मोकळेपणाची किंमत अशा लोकांनी मोजली आहे, आणि त्या मोकळेपणालाच आपण आता चारित्र्याचा दोष म्हणतो.

शिवाय ‘पूर्वी असं नव्हतं’ हेही अर्धसत्य आहे. त्या बांधलेल्या काळातसुद्धा स्ट्रायकर फिरतच होते, फक्त क्लबांच्या मर्जीने. टॉमी लॉटन हा इंग्लंडचा त्या काळचा सगळ्यात धाकाचा सेंटर-फॉरवर्ड. बर्न्ली, एव्हर्टन, चेल्सी, नॉट्स काउंटी, ब्रेंटफर्ड, आर्सेनल असे सहा क्लब त्याने पाहिले. १९४७ मध्ये, राष्ट्रीय संघात खेळत असताना, तो २० हजार पौंडांच्या विक्रमी रकमेवर चेल्सीतून थेट तिसऱ्या श्रेणीतल्या नॉट्स काउंटीकडे गेला. असा खेळाडू तिसऱ्या श्रेणीत! आज कुणी असं केलं तर त्याचं काय होईल, याची कल्पना करून पाहा.

आता अनेल्काच्या कहाणीकडे वळतो, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण वाद घालणारे नेमके इथेच घाई करतात.

फेब्रुवारी १९९७ मध्ये, म्हणजे बोस्मन निकालानंतर अवघ्या चौदा महिन्यांनी, आर्सेनलचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांनी त्याला पाच लाख पौंडांच्या आसपास रकमेत पॅरिसहून आणलं. पोरगा सतरा वर्षांचा होता. पुढच्याच मोसमात आर्सेनलने लीग आणि एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा असं दोन्ही जिंकलं आणि कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलविरुद्धचा दुसरा गोल अनेल्काचा होता. १९९८-९९ मध्ये लीगमध्ये १७ गोल, व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा सर्वोत्तम युवा खेळाडूचा पुरस्कार, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये वेम्ब्लीवर फ्रान्सकडून इंग्लंडविरुद्ध दोन गोल. त्या उन्हाळ्यात त्याने जायचा हट्ट धरला आणि रिआल माद्रिदने सव्वादोन कोटी पौंडांच्या घरात पैसे मोजले. आर्सेनलचे चाहते संतापले. मी तेव्हा उत्तर लंडनमध्ये असतो तर मीही संतापलो असतो. पण त्या पैशाचं काय झालं? त्यातून लंडन कोल्नीचं प्रशिक्षण केंद्र उभं राहायला हातभार लागला आणि जवळपास निम्म्या रकमेत थिएरी ऑन्री आला. ऑन्रीने आर्सेनलसाठी २२८ गोल केले आणि २००३-०४ मध्ये त्याच्या जोरावर संघ आख्खा लीग मोसम अपराजित राहिला. आर्सेनलने पाच लाखांचे सव्वादोन कोटी केले, पुढच्या दशकाची पायाभरणी केली, आणि व्यापारी म्हणून नाव निघालं ते वीस वर्षांच्या मुलाचं.

माद्रिदला त्याचं जमलं नाही. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो आला तो जॉन टोशॅक नोव्हेंबरातच गेला. मार्च २००० मध्ये अनेल्काने सरावाला यायला नकार दिला आणि क्लबने त्याला ४५ दिवसांसाठी निलंबित केलं. चूक त्याची होती. पण मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल करणारा हाच अनेल्का होता, आणि माद्रिदने ती फेरी एकूण ३-२ अशी, एका गोलाच्या फरकाने जिंकली. २४ मे रोजी पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसमध्ये व्हॅलेन्सियाला ३-० हरवून तो युरोपचा विजेता झाला. जुलैमध्ये त्याला आणणारे अध्यक्ष लोरेन्झो सान्झ निवडणूक हरले आणि तो पॅरिसला परत विकला गेला. एका वर्षात प्रशिक्षक बदलला, अध्यक्ष बदलला, खेळाडू बदलला. ‘टिकला नाही’ असं मात्र एकट्या खेळाडूबद्दल म्हटलं गेलं.

लिव्हरपूलमध्ये तो डिसेंबर २००१ मध्ये लोनवर, म्हणजे पॅरिसकडून तात्पुरता, आला. मोसम संपल्यावर त्याला कायम न करता व्यवस्थापक जेरार हुलिए यांनी एल हाजी दिऊफला घेतलं. म्हणजे हा क्लब त्याने सोडला की क्लबने त्याला? मग नुकतीच वरच्या श्रेणीत आलेली मँचेस्टर सिटी त्याच्यासाठी १.३ कोटी पौंड मोजते, जो त्यांचा तोवरचा विक्रम होता. मे २००३ मध्ये तो अॅनफिल्डवर येतो, सिटीकडून दोन गोल करतो आणि लिव्हरपूलला २-१ हरवतो. ऑक्टोबर २००४ मध्ये त्याच्या पेनल्टीवर सिटी चेल्सीला १-० हरवते, आणि त्या मोसमात मोरिन्योच्या चेल्सीचा लीगमधला तेवढाच एक पराभव ठरतो. तीन महिन्यांनी पैशाची चणचण असलेली सिटी त्याला तुर्कस्तानात विकते. पुढे बोल्टनने २००६ मध्ये ८० लाख पौंडांना घेतला आणि जानेवारी २००८ मध्ये, दीड वर्षाच्या आत, दीड कोटीला चेल्सीला दिला. बोल्टनसारख्या क्लबला मिळालेला हा नफा कुणाच्या पायांनी कमावला?

आणि चेल्सी. तिथे तो चार वर्षं राहिला. २००८-०९ मध्ये १९ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. २००९ आणि २०१० चे एफए कप, २००९-१० चं लीग विजेतेपद यांत त्याचा वाटा आहे. मॉस्कोत मे २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात शेवटची पेनल्टी त्याची होती आणि फान डर सारने ती अडवली, हेही त्याच्याच खात्यात आहे. पण या चार वर्षांत त्याने प्रशिक्षक किती पाहिले? अव्हराम ग्रांट, स्कोलारी, हिडिंक, अँचेलोटी, विलाश-बोआश. पाच. त्यातल्या शेवटच्याने, अनेल्काने ट्रान्सफर मागितल्यावर, त्याला मुख्य संघाच्या सरावापासून दूर ठेवलं. खेळाडू एका जागी बसून होता आणि त्याच्याभोवतीचा क्लब चार वेळा बदलला. मग भटका कोण?

इथे विरोधी बाजूच्या सगळ्यात भक्कम मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला मुद्दा वर्तनाचा. माद्रिदचा संप मी सांगितलाच. २०१० च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात तो प्रशिक्षक रेमों दोमेनेकशी भांडला, त्याला संघातून घरी पाठवलं गेलं, त्याच्या पाठिंब्यासाठी खेळाडूंनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाइझ्नामध्ये सरावावर बहिष्कार टाकला, ते बसमध्ये जाऊन बसले आणि फ्रान्सच्या फुटबॉलची जगापुढे अब्रू गेली. त्याच्यावर १८ सामन्यांची बंदी आली. डिसेंबर २०१३ मध्ये वेस्ट ब्रॉमविचकडून गोल केल्यावर त्याने ‘केनेल’ नावाची हाताची खूण केली. मित्राला दिलेला तो पाठिंबा होता असं तो म्हणाला, पण ती खूण ज्यूद्वेषाशी जोडलेली होती आणि त्याला पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पौंडांचा दंड झाला. मला यातल्या कशाचंही समर्थन करायचं नाही. त्या खुणेमुळे ज्यांना जखम झाली त्यांचा राग पूर्ण रास्त आहे. पण हे सगळं जसंच्या तसं त्याच्या नावावर मांडा. एकाच क्लबमध्ये पंधरा वर्षं काढणारा माणूस प्रशिक्षकाला शिवी देऊ शकत नाही का? नाइझ्नाच्या त्या बसमध्ये क्लबशी वर्षानुवर्षं बांधील असलेले खेळाडूही बसले होतेच की. वर्तनाचा आरोप वर्तनावर ठेवा. त्याला भटकंतीचा पुरावा लागत नाही, आणि भटकंती त्याचा पुरावा होत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त सतावतो. सतत जागा बदलल्याने त्याच्या खेळाचंच नुकसान झालं, असं म्हणतात. स्ट्रायकरचं काम सवयीवर चालतं. पास देणारा मान कधी वर करतो, चेंडू कुठल्या पायावर येणार, बचावपटूच्या पाठीमागून पळायला कधी सुरुवात करायची, हे महिनोन् महिने सोबत खेळून अंगात मुरतं. अनेल्का आणि आर्सेनलमधला त्याचा साथीदार बर्गकॅम्प यांची तशी लय जुळली होती आणि ती दोन मोसमांत तुटली. फ्रान्सकडून ६९ सामन्यांत त्याचे गोल फक्त १४ आहेत. आर्सेनलमध्ये राहिला असता तर तो ऑन्री झाला असता, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. कदाचित झालाही असता. पण ऑन्रीचंच उदाहरण नीट पाहा. तो आर्सेनलमध्ये आला कुठून? युव्हेंटसमधून, जिथे त्याला कडेला खेळवत होते आणि जिथे तो आठेक महिनेच होता. चुकीच्या जागेतून तो लवकर निघाला म्हणून योग्य जागी आठ वर्षं रुजू शकला. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवू: अनेल्काने काही वेळा चुकीच्या जागा निवडल्या, हा निर्णयाचा दोष आहे, आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त त्यानेच मोजली. त्याला बेइमानी म्हणायला काय आधार आहे?

तरीही इंग्लिश लीगमध्ये सहा वेगवेगळ्या क्लबांकडून मिळून १२५ गोल त्याने केले आहेत. सहा ड्रेसिंग रूम, सहा पद्धती, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून ओळख. ज्याला आपण उथळपणा म्हणतो त्यात केवढं शिकणं आहे, याकडे लक्ष जायला हवं.

तिसरा मुद्दा चाहत्यांच्या प्रेमाचा, आणि त्यापुढे मी मनापासून नमतो. चाहत्याला ट्रान्सफर नसते. तो जन्मभर एका रंगाचा असतो आणि आपल्यासारखाच कुणी मैदानावर असावा, असं त्याला वाटतं. फ्रान्चेस्को तोत्ती रोमाकडून पंचवीस मोसम खेळला, २०१७ मध्ये त्याने निरोप घेतला तेव्हा सगळं स्टेडियम रडलं. हे सुंदर आहे आणि मला ते हवं आहे. पण राहायला दोघं लागतात. तोत्तीला रोमाने कर्णधार केलं, संघ त्याच्याभोवती उभा केला; आणि दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, निर्णयांत आपल्याला विचारलंच जात नाही असं सांगून तो क्लबच्या पदावरूनही बाहेर पडला.

गाब्रिएल बातिस्तुताची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९९१ पासून तो फिओरेंतिनाकडे होता. १९९३ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हा युरोपातला कुठलाही क्लब त्याला डोक्यावर घेऊन गेला असता. तो राहिला आणि संघाला वर घेऊन आला. चाहत्यांनी त्याचा पुतळा उभारला. २००० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, इटलीचं लीग विजेतेपद अजून हाती नाही म्हणून तो रोमाला गेला. २६ नोव्हेंबर २००० रोजी त्याने फिओरेंतिनाविरुद्ध सामना जिंकून देणारा गोल केला आणि आनंद करायच्या ऐवजी तो रडला. त्या मोसमात रोमा विजेती झाली. दोन वर्षांत फिओरेंतिना दिवाळखोरीत निघाली आणि नव्या नावाने चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. तो गेला नसता तर कुणाशी निष्ठावान राहिला असता? त्या अश्रूंकडे पाहून सांगा, जाणारा माणूस निष्ठाहीन असतो का?

क्लब सोडण्यावरून मराठी माणसाला एक जुनी गोष्ट आठवायला हवी. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्करांवर जीव असलेल्या रसिकांना त्या दिवशी हा घरभेद वाटला असेल. आज मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या घटनेला आपण काय म्हणतो? आणि १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले एकाच नाटकात एकत्र उभे राहिले तेव्हा, कोण कुठल्या कंपनीचा हे विसरून लोकांनी गर्दी केली. नटाची निष्ठा कुठल्या पाटीशी होती, यापेक्षा तो रंगमंचावर काय देतो, हे त्या प्रेक्षकांना पुरेसं कळत होतं.

फुटबॉलमध्ये ही वेळ स्ट्रायकरवर जास्त येते, याला कारण आहे. गोल मोजता येतात. बचावपटूने मोसमभर किती धोके टाळले याचा आकडा लोकांच्या तोंडी नसतो, पण स्ट्रायकरचे सहा सामने कोरडे गेले की ते सगळ्यांना माहीत असतं. खाली घसरायला आलेला क्लब जानेवारीत घाबरून पहिल्यांदा स्ट्रायकर शोधतो. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक संघ दोन आघाडीपटूंऐवजी एकच खेळवू लागले, तेव्हा अर्ध्या जागाच कमी झाल्या. दुसऱ्याला बाकावर बसा किंवा दुसरीकडे जा, एवढंच उरतं. खुद्द अनेल्का चेल्सीत द्रोग्बासोबत खेळताना कितीदा तरी कडेला किंवा मागे खेळला, तक्रार न करता. ही गोष्ट त्याच्या ‘स्वार्थी’ प्रतिमेत बसत नाही म्हणून सांगितली जात नाही.

प्रवासच जर दोष असता तर उरुग्वेचा सेबास्तिआन अब्रेऊ जगातला सगळ्यात नावडता खेळाडू असायला हवा. तीसहून अधिक क्लबांकडून तो खेळला आणि २०१७ मध्ये सव्विसाव्या क्लबवर गिनेसच्या नोंदीत गेला. पण माँटेव्हिडिओत आणि रिओत त्याच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. २०१० च्या विश्वचषकात उरुग्वे आणि फ्रान्स एकाच गटात होते, त्यांचा पहिला सामना ०-० सुटला. फ्रान्स भांडत घरी गेला. उरुग्वे उपांत्यपूर्व फेरीत घानाशी पेनल्टींवर आला, आणि शेवटची पेनल्टी अब्रेऊने गोलरक्षक आडवा पडल्यावर मधोमध अलगद वर उचलली. एवढ्या क्लबांतून फिरलेल्या माणसावर त्या क्षणी एका देशाने विश्वास टाकला. एकाच स्पर्धेतले हे दोन भटके स्ट्रायकर. दोघांत फरक होता तो सोबतच्या माणसांशी वागण्याचा. बोलायचंच असेल तर त्यावर बोला, मी तुमच्या बाजूला बसेन.

आणि आपल्या घरचं उदाहरण? सुनील छेत्रीला कुणी भाडोत्री म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूही नये. पण २००२ पासून मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा ब संघ, चर्चिल ब्रदर्स असा प्रवास करून तो २०१३ मध्ये बंगळुरूला आला. यातली जेसीटी २०११ मध्ये बंद पडली. डेम्पोने २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा क्लब २०१० मध्येच मिटला, पुणे सिटी २०१९ मध्ये. क्लबांची दारं अशी बंद होत असताना भारतीय खेळाडूने निष्ठा ठेवायची ती कुठल्या दाराशी? बंगळुरूने त्याला खेळायला स्थिर घर दिलं, आणि त्याने तिथे मुक्काम ठोकला.

अनेल्का २०१४ मध्ये मुंबईत आला तेव्हा ‘म्हातारपणी पैसे गोळा करायला आला’ हे वाक्य सगळीकडे होतं. पस्तिशीचा होता, आणि पैसे घेतलेच असणार. पण इंडियन सुपर लीगला त्या पहिल्या मोसमात काय हवं होतं? देल पिएरो दिल्लीला, त्रेझेगे पुण्याला, पिरेस गोव्याला, युंगबर्ग मुंबईला. लीगनेच मोठी नावं बोलावली होती, तिकिटं खपावीत आणि टीव्हीवर माणसं बसावीत म्हणून. बोलावणाऱ्याने कारण सांगून बोलावलं आणि येणारा त्याच कारणासाठी आला, तर फसवलं कुणी? तो एक मोसम खेळून निघूनही गेला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही जबाबदाऱ्या घेतल्या. आठ संघांत मुंबई सहावी आली, म्हणजे प्रशिक्षक म्हणून तो फारसा चमकला नाही, हे मान्य.

पण त्या मोसमातली २८ ऑक्टोबर २०१५ ची संध्याकाळ मला विसरता येत नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर नॉर्थईस्ट युनायटेड. मुंबईने ५-१ असा सामना घेतला आणि छेत्रीने हॅटट्रिक केली. सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूने केलेली ती पहिलीच. लिलावात १ कोटी २० लाख रुपयांना घेतलेला, मोसम संपला की बंगळुरूला परत जाणारा स्ट्रायकर, आणि त्याचा प्रशिक्षक बारा क्लब फिरून आलेला दुसरा स्ट्रायकर. तिसरा गोल जाळ्यात गेला तेव्हा स्टेडियममधले लोक उभे राहून छेत्रीचं नाव घेत होते, आणि तो इथे किती दिवसांचा पाहुणा आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.